भाड्याच्या घराची फरशी

प्रायश्चित्तकाळातील एका रविवारी पवित्र मिस्सा आटोपल्यावर एका वयस्कर सद्गृहस्थांनी मला देवळाच्या पायरीवर थांबवले व ते म्हणाले, “फादर, एक संसारी गोष्ट विचारायची आहे. राग मानू नका.” हे गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले. निपाणीच्या बाहेर त्यांची थोडी वडिलोपार्जित जागा आहे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून तेथे दोन बिऱ्हाडांपुरते घर बांधावे आणि भाड्याच्या उत्पन्नावर म्हातारपण काढावे, असा त्यांचा बेत. भिंती उभ्या राहिल्या होत्या, स्लॅब पडला होता, आणि काम फरशीपाशी येऊन अडले होते. दुकानदार एक सांगत होता, गवंडी दुसरे, आणि पुण्यास नोकरीला असलेला मुलगा तिसरेच. “भाडेकरूंसाठीच तर आहे, फादर,” ते म्हणाले, “पाण्याने खराब होऊ नये, वीस वर्षे तिच्याकडे बघावे लागू नये, आणि पैसे थोडे लागावेत. आणखी काय हवे?”

मी त्यांना आठवड्याने येण्यास सांगितले. फरशीच्या प्रश्नात धर्मगुरूने काय म्हणून पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाचा चौदावा अध्याय ज्यांनी वाचला असेल, त्यांना ठाऊक आहे की घराच्या भिंतीवर हिरवट वा तांबूस डाग उमटले तर घरधन्याने याजकाकडे जावे, असा तेथे नियम आहे. याजकाने येऊन घर पाहावे, सात दिवस ते बंद ठेवावे. डाग पसरले असतील तर ते दगड काढून टाकावेत, आतील गिलावा खरवडून गावाबाहेर फेकावा, नवे दगड व नवा गिलावा लावावा. इतके करूनही डाग परत आले तर घरच पाडावे. त्यातही एक हळुवार गोष्ट आहे. याजक आत जाण्यापूर्वी घरातले सामान बाहेर काढून ठेवावे, म्हणजे गरिबाच्या चीजवस्तूंवर बट्टा येणार नाही. आज आपण त्या डागांस ओल आणि बुरशी म्हणतो. तेव्हा माझ्याकडे आलेला प्रश्न फार जुना होता आणि तो योग्य ठिकाणी आला होता, असे मानून मी तो मनावर घेतला.

पाणी कोणत्या वाटेने येते

आपल्या भागाचे हवापाणी एकसारखे नाही. खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या उगमाजवळ, कणकुंबीच्या बाजूस, पावसाळ्याचे चार महिने सूर्य दिसेल तर नवल. बेळगावात पाऊस त्याहून कमी, तरी भिंती भिजवण्यास पुरेसा. तेथील जुन्या घरांचा जांभा दगड सच्छिद्र असतो व तो पाणी ओढून घेतो. निपाणीकडे पाऊस आणखी कमी. परंतु तेथे काळी माती आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बसवलेली फरशी कितीही भारी असली तरी जमिनीबरोबर वरखाली होते व तडकते. त्याखेरीज नदीकाठचा पूर आहेच. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गावर चढले आणि वाहतूक थांबली. ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांना ते दिवस सांगावयास नकोत.

म्हणजे फरशीस पाणी चार वाटांनी भेटते. वरून गळते, न्हाणी आणि स्वयंपाकघरात सांडते, पुराने आत शिरते, आणि चौथे, सर्वांत कपटी, खालून चढते. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसे माती, वीट व दगड यांतील बारीक छिद्रे जमिनीतील पाणी वर ओढतात. त्या पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. भिंतीच्या तळाशी खार फुटतो, रंगाचे पोपडे निघतात. बाजारात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून जी फरशी मिळते ती वरून सांडलेले पाणी खाली जाऊ देत नाही, एवढेच. खालची ओल तिला अडत नाही. ती सांध्यांतून आणि भिंतींतून आपली वाट काढते.

यास्तव फरशी निवडण्यापूर्वी जोत्याकडे पाहावे. जोते अंगणापेक्षा निदान दीड-दोन फूट उंच असावे, आणि जेथे पूर आल्याचे वडीलधारी सांगतात तेथे त्या खुणेहून वर. आतील काळी माती शक्य तितकी काढून टाकावी व मुरूम भरावा. तो एकदम न भरता सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी शिंपडून धुमसाने ठोकावा. त्यावर दगडांचे सोलिंग, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्याच्या कडा भिंतीपर्यंत चढवून, आणि मग तीन-चार इंच साधे काँक्रीट. भिंतींच्या खालीही जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा सिमेंटचा थर हवा. हे सगळे झाकले जाते. घर पाहावयास येणाऱ्या भाडेकरूस ते दिसत नाही, आणि म्हणूनच पैसे वाचवावयाचे झाल्यास पहिली कात्री येथेच लागते. प्रभूने चुना लावलेल्या कबरींविषयी जे सांगितले ते मनुष्याच्या अंतःकरणासंबंधी होते. पण काही घरे पाहिली म्हणजे मला त्याच शब्दांची आठवण होते.

दगड, कोबा की टाईल्स

आपल्या आजीपणजीच्या घरात जमीन शेणाने सारवलेली असे. ती पायास ऊबदार, पण दर आठवड्याला बाईच्या कमरेचे मोल घेऊन टिकणारी. ती भाड्याच्या घरासाठी आज कोणी सुचवणार नाही. निवड आहे ती दगड, सिमेंट, भाजलेल्या टाईल्स आणि प्लॅस्टिक यांत.

सिमेंटचा कोबा सर्वांत स्वस्त. तो चार-चार फुटांच्या चौकटी पाडून, मध्ये सांधे ठेवून केला आणि आठ-दहा दिवस पाणी मारून पिकवला, तर बरीच वर्षे चालतो. एकसंध ओतला व दुसऱ्या दिवसापासून त्यावर वावर सुरू केला, तर पहिल्याच उन्हाळ्यात त्याला रेषा पडतात. सिमेंटच्या नक्षीदार फरश्यांचा एक सुंदर काळ होऊन गेला. स्वदेशीच्या दिवसांत, १९२२ साली, मुंबईस भारत टाईल्स या कंपनीने त्या करण्यास आरंभ केला. जुन्या घरांतून अशा फरश्या अजून शाबूत दिसतात. मात्र आज त्या चैनीच्या वस्तूंत मोडतात.

दगडांत शहाबाद, कडप्पा आणि कोटा हे तिघे आपल्या ओळखीचे. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातील, कडप्पा आंध्रातील, कोटा राजस्थानातील. तिघेही चुनखडकाच्याच जातीचे. शहाबादी स्वस्त, किंचित खरखरीत, पाय न घसरणारी. कोटा अधिक घट्ट. पाऊण ते एक इंच जाडीचा, जागेवर यंत्राने घोटता येतो. दहा-बारा वर्षांनी चमक गेली तर उखडण्याचे कारण नाही. पुन्हा घोटला की झाले. शाळा, इस्पितळे व रेल्वेची स्थानके येथे लाखो पायांखाली तो झिजत असतो, यावरून त्याची ताकद कळावी. मात्र चुनखडकाचा एक शत्रू आहे, तो म्हणजे आम्ल. लिंबू, चिंच, आणि विशेषतः संडास धुण्याचे ॲसिड त्यावर सांडले की तेथे पांढरा, खरखरीत डाग पडतो. म्हणून हे दगड खोल्यांत योग्य, न्हाणीत नव्हेत. ग्रॅनाइटला आम्लाची भीती नाही. आपल्याच कर्नाटकातील इलकलचा तांबडा ग्रॅनाइट प्रसिद्ध आहे. परंतु त्याची किंमत भाड्याच्या घरास परवडत नाही. उंबऱ्यास व ओट्यास तो वापरला तर पुरे.

टाईल्सच्या दुकानात गेल्यावर मनुष्याचे डोळे दिपतात. तेथे एकच गोष्ट विचारावी : ही टाईल पाणी किती पिते? जगन्मान्य वर्गवारीप्रमाणे व्हिट्रिफाईड टाईल आपल्या वजनाच्या अर्धा टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही; भिंतीची साधी सिरॅमिक टाईल दहा टक्क्यांहूनही अधिक शोषते. दोन्हींची वरची बाजू सारखीच चकचकीत असते. पारख करावयाची तर टाईल उलटी करून पाठीवर चमचाभर पाणी ओतावे. जी पाणी पटकन पिऊन टाकील ती भिंतीची. स्वस्त मिळते म्हणून ती जमिनीवर बसवू नये. उलटपक्षी व्हिट्रिफाईड टाईल पाणी पीत नाही म्हणूनच साधा सिमेंटचा माल तिला नीट धरीत नाही. तिच्यासाठी वेगळा चिकटवणारा माल मिळतो, तो घ्यावा. आणि तो चार कोपऱ्यांवर गोळे ठेवून नव्हे, तर संपूर्ण पाठीवर पसरून लावावा. बसवून झाल्यावर नाण्याने टकटक करून पाहावे. पोकळ आवाज आला तर ती टाईल त्याच दिवशी काढावयास लावावी. पुढे त्याच पोकळ जागी पाट्याचा वा गॅसच्या टाकीचा धक्का लागून ती फुटते आणि दंड भाडेकरूच्या अनामतीतून कापला जातो.

राहिले प्लॅस्टिक व लाकडाच्या भुशाचे नवे प्रकार. लॅमिनेट दिसते लाकडासारखे, पण आत दाबलेला भुसा. पाणी मुरले की ते फुगते आणि पुन्हा बसत नाही. व्हिनाइलच्या फळ्या पाण्याने खराब होत नाहीत हे खरे. तरीपण गरम तवा ठेवला की डाग पडतो, आणि खालून ओल असेल तर ती त्यांच्याखाली कोंडून कुजका वास येतो. प्लॅस्टिकचे जे पातळ ‘कार्पेट’ अंथरतात, त्याचेही तेच. ओल झाकण्यासाठी ते अंथरलेले घर पाहिले तर भाडेकरूने एक कोपरा उचलून पाहावा.

माझी चूक

आता जे लिहितो ते लिहिताना मला संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. देवळाच्या मालकीच्या तीन खोल्या तेथे भाड्याने दिलेल्या होत्या व त्यांच्या दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले. मी मोठ्या हौसेने टाईल्स निवडल्या : पांढऱ्याशुभ्र, आरशासारख्या, पाण्याचा थेंबही न पिणाऱ्या. न्हाणीपासून ओसरीपर्यंत एकच फरशी, म्हणजे हिशेब सोपा आणि दिसावयास झकास. पाहणाऱ्यांनी कौतुक केले. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी तेथली एक वृद्ध भाडेकरीण न्हाणीतून पाण्याची कळशी घेऊन स्वयंपाकघरात जाताना घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, देवदयेने ती उठली. परंतु त्यानंतर काठीवाचून चालली नाही, आणि चार घरी पोळ्या लाटून ती जे मिळवीत असे ते बंद झाले. तिला पवित्र कम्युनियन देण्यास मी दर शुक्रवारी जात असे. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. “माझाच पाय चुकला, फादर,” एवढेच म्हणे. त्या फरशीवर आजही एक चरा पडलेला नाही.

फरशी निवडताना मी किंमत पाहिली होती, पाणी पाहिले होते, टिकाऊपणा पाहिला होता. तिच्यावरून कोण चालणार हे मी पाहिले नव्हते. माझ्या गृहस्थांच्या “आणखी काय हवे?” या प्रश्नाने मला जे टोचले, ते हेच.

म्हणून आठवड्याने ते आले तेव्हा मी त्यांना प्रथम विचारले, “आपल्या घरात कोण राहावयास येईल?” ते विचारात पडले. निपाणी हे तंबाखूचे गाव. त्यांच्या जागेच्या आसपास विडी वळणाऱ्या बायकांची घरे आहेत. तसलीच बिऱ्हाडे येणार. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस खुर्चीवर जात नाही. मांडीवर सूप घेऊन ती सकाळपासून जमिनीवर बसते. पाने मऊ व्हावीत म्हणून ती भिजवून ओल्या फडक्यात ठेवावी लागतात. तेव्हा जमिनीवर पाणी सांडणारच. जमीन ओलसर असेल तर तंबाखू सादळतो, पाने बुरसतात, वळलेल्या विड्या नापसंत होतात. अन् मजुरी कापली जाते ती तिची. शेजारीच तिचे मूल रांगत असते. अशा घरात फरशी म्हणजे तिचा कारखाना, जेवणाचा पाट आणि रात्रीचे अंथरूण. ती कोरडी हवी, न घसरणारी हवी, आणि एका फडक्याने पुसली जाणारी हवी.

न्हाणी व हिशेब

घराची खरी परीक्षा न्हाणीत होते. तिची जमीन खोलीपेक्षा दीड-दोन इंच खाली असावी आणि मध्ये दगडाचा उंबरा असावा. जाळीकडे फुटाला पाव इंच उतार हवा. खालचा पाणीरोधक थर भिंतीवर निदान फूटभर चढवावा. टाईल्स बसवण्यापूर्वी जाळी बंद करून दोन इंच पाणी भरावे, भिंतीवर खूण करावी आणि दोन दिवस वाट पाहावी. शेजारच्या भिंतीस ओल आली वा पाणी उन्हाने उडण्याहून अधिक उतरले, तर चूक त्याच वेळी सापडते. टाईल्स बसल्यावर सापडली तर दुप्पट खर्च. टाईल्स येथे फूटभर लांबीरुंदीच्या, खरखरीत घ्याव्यात. लहान टाईलमुळे उतार नीट येतो आणि सांधे अधिक असल्याने पायास आधार मिळतो. दुकानातून एक नमुना मागवून, त्यावर साबणाचे पाणी ओतून, अनवाणी उभे राहून पाहावे. बरोबर कोणी धरणारा असू द्यावा! सांधे भरण्यासाठी साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सीचा माल घ्यावा. ॲसिडने टाईल शाबूत राहते, पण सिमेंटचा सांधा खाल्ला जातो आणि पाणी तेथूनच शिरते.

खरेदीचा हिशेबही सांगून ठेवतो. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट. ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती टाईल ६०० मिलिमीटरची, दोन फुटांना किंचित कमी; म्हणून ३० नव्हे, ३१ लागतात. तुटफुटीसाठी दहा टक्के धरल्या म्हणजे ३४. पेटीत चार येतात, तेव्हा नऊ पेट्या, म्हणजे ३६. उरलेल्या टाईल्स विकू नयेत. माळ्यावर जपून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी तोच रंग मागितला तर भट्टी बदललेली असते आणि छटा जुळत नाही. दगडाचेही दोन तुकडे राखून ठेवावेत.

घरमालकाचे देणे

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की नवे घर बांधशील तेव्हा गच्चीस कठडा कर, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. पडणारा कोण असेल, हे तेथे विचारलेले नाही. पाहुणा असो, चाकर असो, भाडेकरू असो, कठडा धन्याने बांधावयाचा. न घसरणारी न्हाणी हा आपल्या काळचा कठडाच आहे.

देशाचा कायदाही यापासून दूर नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, घराच्या वापरास बाधक असा जो मोठा दोष मालकास ठाऊक आहे व जो साध्या नजरेस दिसणारा नाही, तो त्याने भाडेकरूस सांगितलाच पाहिजे. जी दुरुस्ती मालकाकडे आहे ती कळवूनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही तरतूद आहे. तेव्हा प्लॅस्टिक अंथरून ओल लपवणे हे पाप तर आहेच, शिवाय कायद्यातही बसत नाही. घर ताब्यात देताना फरशीची स्थिती दोघांनी मिळून पाहावी, फोटो काढावेत व करारात लिहून ठेवावी. पायांच्या वावराने जी झीज होते ती भाड्यातच आली; तिचे पैसे अनामतीतून कापू नयेत. भाडेकरूनेही घर परक्याचे म्हणून न्हाणीची जाळी तुंबू देऊ नये की दगडावर ॲसिड ओतू नये.

२७ डिसेंबर १९८७ रोजी रोमच्या ‘न्याय व शांती’ आयोगाने घरांच्या प्रश्नावर एक पत्रक काढले. बेघर बंधूचे तू काय केलेस, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात घरांच्या टंचाईचा विचार केला आहे. एवढ्या थोर प्रश्नापुढे निपाणीतील दोन खोल्यांची फरशी क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्यास त्या प्रश्नाचा एवढाच तुकडा येतो.

आमच्या गृहस्थांनी शेवटी काय केले ते सांगतो. आतली काळी माती काढून मुरूम भरला. खोल्यांत कोटा बसवला, एकदाच घोटलेला, आरसा न केलेला. स्वयंपाकघरात व न्हाणीत खरखरीत टाईल्स. खर्च वाढला, तो त्यांनी दर्शनी भिंतीची नक्षी आणि लोखंडी कमान रद्द करून भागवला. मुलगा थोडा नाराज झाला. पहिले बिऱ्हाड आले ते एका विधवेचे, सासू व दोन मुलांसह. घर आशीर्वादित करण्यास मी गेलो तेव्हा सासूबाई न्हाणीच्या उंबऱ्यावर हात टेकून आत पाऊल टाकून पाहत होत्या. दोनदा पाऊल टाकले, मग हात सोडला आणि आत गेल्या. गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी ते पाहिले.

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या अखेरीस संत पौल रोममध्ये आहे, कैदी म्हणून, पण स्वतः भाड्याने घेतलेल्या घरात. तेथे तो दोन वर्षे राहिला व जो जो येई त्याचे स्वागत करी, असे संत लूक सांगतो. ते घर कोणाचे होते, त्याची जमीन कशी होती, हे लिहिलेले नाही. ज्यांना परमेश्वराने चार भिंती देऊ केल्या आहेत आणि त्यांतल्या दोन जे दुसऱ्यास भाड्याने देतात, त्यांनी आपल्या दारी कोण येईल याचा विचार करून जमीन घालावी, एवढेच माझे मागणे आहे. प्रभू आपल्या घरांना आणि त्यांत राहणाऱ्या सर्वांना सुखरूप ठेवो.